उबेराबाची वंशनोंदवही : ब्राझीलच्या झेबू पैदासकार संघाची वाटचाल

ब्राझीलमधील मिनास झेराइस राज्याच्या पश्चिमेकडील पठारी भागात उबेराबा हे शहर वसलेले असून, 'ब्राझिलियन झेबू पैदासकार संघ' या संस्थेचे मुख्यालय याच शहरात आहे. पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून ही संस्था ए.बी.सी.झेड. म्हणून ओळखली जाते. झेबू म्हणजे खांद्यावर वशिंड आणि मानेखाली लोंबती पोळी असलेला, भारतीय उपखंडात घडलेला गोवंश. प्राणिशास्त्रात त्याला 'बॉस इंडिकस' असे म्हणतात आणि युरोपातील वशिंड नसलेल्या 'बॉस टॉरस' या गोवंशापासून वेगळा काढतात. भारतात जो गोवंश दूध, शेणखत आणि ओढकाम यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला, त्याच वंशातील नेलोरे ही जात ब्राझीलमध्ये मांसोत्पादनाचा कणा ठरली आणि आज त्या देशातील मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांपैकी सुमारे 80 टक्के जनावरे नेलोरे किंवा नेलोरे रक्ताची आहेत. या प्रसाराचे श्रेय जनावराच्या काटकपणाला आहेच; परंतु काटक जनावरे जगात अनेक ठिकाणी होती आणि त्यांतील कित्येक जाती नामशेष झाल्या, हे लक्षात घेतले म्हणजे उबेराबाच्या पैदासकारांनी नोंदवहीभोवती उभी केलेली संस्था या इतिहासात किती मोलाची आहे ते स्पष्ट होते. त्या वहीत कोणत्या काळी काय नोंदवले गेले आणि काय नोंदवायचे राहून गेले, हाच या संस्थेच्या इतिहासाचा खरा धागा आहे.

संस्थेपूर्वीचा काळ

ब्राझीलमध्ये गाईबैल प्रथम आणले ते पोर्तुगीज वसाहतकारांनी. ही जनावरे युरोपीय वंशाची होती आणि काही शतकांत तेथील हवामानाशी जुळवून घेऊन त्यांपासून काराकू, कुर्रालेरो अशा स्थानिक जाती तयार झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांसाची मागणी वाढू लागली, तेव्हा या जाती आकाराने आणि वाढीने अपुऱ्या पडू लागल्या. युरोपातून नव्याने आणलेली भारदस्त जनावरे मात्र उष्मा, गोचीड आणि निकस गवत यांपुढे टिकाव धरीनात. याच काळात भारतीय गोवंशाकडे काही जमीनदारांचे लक्ष गेले. नेलोरे जातीच्या इतिहासात पहिली नोंद 1868 सालची सांगितली जाते : इंग्लंडकडे निघालेले एक जहाज साल्वादोर बंदरात थांबले असता त्यावरील ओंगोल जातीची एक जोडी तेथेच विकली गेली. पुढे 1878 साली मानुएल उबेल्हार्ट लेम्ग्रुबर या रिओ दि जानेरो भागातील पैदासकाराने जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील प्राणिसंग्रहालयात ओंगोल जनावरे पाहिली, तेथूनच खरेदी केली आणि त्यांच्यापासून जो कळप वाढवला तो 'लेम्ग्रुबर' या नावाने स्वतंत्र वंशरेषा म्हणून आजही टिकून आहे.

ओंगोल जातीला ब्राझीलमध्ये मिळालेले 'नेलोरे' हे नाव आंध्रातील नेल्लोरवरून आले आहे. त्या काळी ओंगोल हा परिसर नेल्लोर जिल्ह्यात मोडत असे. उबेराबाच्या परिसरातील पैदासकारांनी परक्या व्यापाऱ्यांवर अवलंबून न राहता स्वतः भारताची वाट धरली. 1893 साली तेओफिलो दि गोदोय हे भारतात जाऊन जनावरे घेऊन आले आणि त्यानंतर उबेराबाच्या अनेक घराण्यांनी तोच मार्ग चोखाळला. या खरेदीत ओंगोलबरोबरच काठियावाडातील गीर आणि गुजरातेतील कांकरेज या जातीही होत्या. कांकरेजला ब्राझीलमध्ये 'गुझेरा', म्हणजे गुजरातची, असे नाव पडले. भारतातून ब्राझीलमध्ये नेलेल्या झेबू जनावरांची एकूण संख्या सात हजारांहूनही कमी असावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एवढ्या अल्प बीजावर कोट्यवधींचा कळप उभा राहिला ही गोष्ट त्या मोजक्या जनावरांची वंशावळ जपण्याचे महत्त्व पुरेसे दाखवते.

विरोध, बुळकांडी आणि आयातबंदी

झेबूचा स्वीकार सुरळीत झाला नाही. साओ पाउलोतील प्रतिष्ठित वैद्य आणि विचारवंत लुईस पेरेरा बारेतो यांनी झेबूला कडाडून विरोध केला आणि देशी काराकू जातीच्या सुधारणेचा पुरस्कार केला. झेबूचे मांस हलक्या प्रतीचे आहे, स्वभाव रानटी आहे आणि त्याच्या संकरामुळे देशातील कळपांची अधोगती होईल, असे आक्षेप त्या काळी घेतले जात. उबेराबाचे पैदासकार या वादात शास्त्रीय प्रतिष्ठेच्या दृष्टीने दुबळ्या बाजूला होते, कारण त्यांच्याकडे अनुभव होता, पण लेखी पुरावा नव्हता. 1919 साली उबेराबा येथे झेबूची पहिली वंशावळ नोंदवही, म्हणजे 'हर्ड बुक', सुरू झाली, तिच्यामागे ही उणीव भरून काढण्याची निकड होती. वंशावळ नोंदवही म्हणजे प्रत्येक जनावराचा क्रमांक, जन्मतारीख, मातापिता, रंग, खुणा आणि मालक यांची अधिकृत नोंद ठेवणारे दप्तर. असे दप्तर नसेल तर जातिवंत वळू आणि दिसायला तसाच असलेला संकरित वळू यांत खरेदीदाराला फरक करता येत नाही आणि चांगल्या जनावराला चांगली किंमतही मिळत नाही.

लगेचच दुसरे संकट आले. 1920 साली भारतातून ब्राझीलकडे निघालेली झेबू जनावरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात उतरवली गेली आणि त्यांच्यामार्फत बुळकांडी हा गुरांचा अत्यंत घातक विषाणुजन्य रोग बेल्जियममध्ये पसरला. या धक्क्याने जागे झालेल्या राष्ट्रांनी पॅरिसमध्ये विचारविनिमय सुरू केला आणि त्यातून 1924 साली 28 देशांच्या कराराने जागतिक पशुआरोग्य संघटनेची स्थापना झाली. 1921 साली बुळकांडीचा उद्रेक साओ पाउलोतही झाला. तो लवकर आटोक्यात आला असला तरी ब्राझील सरकारने भारतीय जनावरांच्या आयातीवर बंदी घातली. 1930 साली अपवाद म्हणून झालेली एक आयात वगळता हा दरवाजा पुढील तीन दशके जवळजवळ बंदच राहिला आणि बाहेरून नवे रक्त मिळेनासे झाल्यामुळे देशात असलेल्या जातिवंत जनावरांची नीट नोंद ठेवणे ही हौसेची बाब न राहता गरजेची झाली.

स्थापना आणि पहिली घडी

या पार्श्वभूमीवर 1934 साली उबेराबा येथे 'त्रिआंगुलो मिनेरो ग्रामीण संस्था' स्थापन झाली. जुन्या हर्ड बुकचा वारसा तिच्याकडे आला आणि 1935 पासून तिने झेबूचे वार्षिक प्रदर्शन भरवण्यास आरंभ केला. हेच प्रदर्शन पुढे 'एक्स्पोझेबू' या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. 1938 साली ब्राझीलच्या कृषी मंत्रालयाशी झालेल्या कराराने वंशावळ नोंदणीचे अधिकृत काम संस्थेकडे सोपवण्यात आले. सरकारी अधिकार पैदासकारांच्या संस्थेकडे देण्याची ही व्यवस्था फार दूरदर्शीपणाची ठरली, कारण नोंदीला कायद्याचे पाठबळ मिळाले आणि तिचा रोजचा कारभार मात्र ज्यांचे पोट त्या जनावरांवर अवलंबून होते त्यांच्याच हाती राहिला. 1941 साली कृषिमंत्र्यांच्या नावाने 'फेर्नांदो कोस्ता उद्यान' हे कायमचे प्रदर्शनस्थळ उभे राहिले. राष्ट्राध्यक्ष झेतुलियो वार्गास हे उबेराबाच्या प्रदर्शनाला अनेकदा उपस्थित राहत; त्यांच्या राजकीय आश्रयामुळे एका प्रादेशिक संस्थेला राष्ट्रीय वजन प्राप्त झाले.

लांब कानांचा मोह आणि 1945ची मंदी

नोंदवही असली तरी तिच्यात कोणत्या गुणाला मान द्यायचा हा प्रश्न उरतोच आणि संस्थेच्या पहिल्या पर्वातील मोठी चूक याच प्रश्नाच्या उत्तरात झाली. गीर, गुझेरा आणि नेलोरे यांच्या संकरातून उबेराबाच्या पैदासकारांनी 'इंदुब्राझील' ही नवी जात घडवली होती. धिप्पाड शरीर आणि गळ्यापर्यंत लोंबणारे प्रचंड कान ही तिची ओळख होती आणि 1930च्या दशकात व त्यानंतरच्या काही वर्षांत ती इतकी लोकप्रिय झाली की कानाची लांबी हाच जातिवंतपणाचा निकष बनला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पैसा सैल झाला, बँकांनी जनावरांवर कर्जे दिली आणि वळूंच्या किमती त्यांच्या उपयुक्ततेच्या कितीतरी पट चढल्या. मांस आणि वजन यांच्याशी संबंध नसलेल्या या किमती 1945 साली कोसळल्या. अनेक पैदासकार कर्जबाजारी झाले आणि ज्या जनावरांसाठी घरदार गहाण पडले होते ती कवडीमोल भावाने गेली.

हा काळ ब्राझीलच्या पशुपालनात 'झेबूचे संकट' म्हणून ओळखला जातो. त्यातून दोन परिणाम झाले आणि पुढील वाटचाल त्या दोहोंनीच ठरवली. एक म्हणजे संकराचा मोह ओसरून शुद्ध गीर, शुद्ध गुझेरा आणि शुद्ध नेलोरे यांच्याकडे पैदासकार वळले. दुसरे म्हणजे केवळ रूपावर किंमत ठरवण्यातला धोका सर्वांच्या ध्यानी आला. साधी बांधणी, आखूड कान आणि कुरणात स्वतःचे स्वतः भागवून घेण्याची वृत्ती असलेला नेलोरे तोवर काहीसा मागे पडला होता; तो या मंदीनंतर पुढे आला.

1960 ते 1962 : शेवटची मोठी आयात

शुद्ध वंशाकडे वळल्यावर देशातील रक्त अपुरे असल्याचे जाणवले आणि पैदासकारांनी पुन्हा भारताकडे पाहिले. सेल्सो गार्सिया सिद, तोर्रेस होमेम रॉद्रिगेस दा कुन्या, रूबेन्स दि कार्वाल्यो आदींच्या पुढाकाराने 1960 ते 1962 या काळात नव्या आयाती झाल्या. बुळकांडीचा जुना धडा विसरला गेला नव्हता. त्यामुळे जनावरांना मुख्य भूमीपासून शेकडो किलोमीटर दूर, अटलांटिक महासागरातील फेर्नांदो दि नोरोन्या या बेटावर विलगीकरणात ठेवून, रोगमुक्तीची खात्री पटल्यावरच पुढे नेण्यात आले. गीर जनावरांपैकी काही भावनगर संस्थानच्या नामांकित कळपातून मिळाली होती. नेलोरे वळूंमध्ये कारवाडी, ताजमहाल, गोदावरी, चेकुरुपाडू, गोलियास अशी नावे होती. त्यांपैकी कारवाडी हे ओंगोलजवळच्या गावाचे नाव. आज ब्राझीलमधील शुद्ध नेलोरेच्या वंशावळी मागे मागे वाचत गेल्यास या मोजक्या वळूंपैकी कोणाचे ना कोणाचे नाव हमखास आढळते. आंध्रातील शेतकऱ्यांनी नांगर आणि गाडी यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेले भक्कम खांदे, लांब पाय आणि चालण्याची क्षमता हे गुण विस्तीर्ण कुरणांत पाण्यासाठी आणि चाऱ्यासाठी मैलोन्‌मैल हिंडणाऱ्या कळपांना नेमके हवे होते.

रूपाकडून वजनाकडे

1967 साली संस्थेने आजचे राष्ट्रीय स्वरूप आणि नाव धारण केले. पुढच्याच वर्षी वाढीच्या नोंदीची पद्धत सुरू झाली : वासराचे वजन ठरावीक वयांना घ्यायचे, ते एकाच कळपातील, एकाच हंगामात जन्मलेल्या इतर वासरांच्या वजनाशी ताडून पाहायचे आणि त्यावरून मातापित्यांची योग्यता ठरवायची. याला जोडून वजनवाढीच्या चाचण्या आल्या, ज्यांत निरनिराळ्या मालकांची जवळपास एकाच वयाची खोंडे एकत्र आणून सारख्याच चाऱ्यावर ठेवली जातात आणि कोण किती वाढले ते पाहिले जाते. पुढे संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक वळूचे 'आनुवंशिक मूल्यांकन', म्हणजे त्याच्या संततीत कोणता गुण किती उतरेल याचा संख्याशास्त्रीय अंदाज, प्रसिद्ध होऊ लागला आणि अलीकडे त्याला जनुकीय चाचणीची जोड मिळाली. 1919च्या वहीत फक्त जनक आणि रूप नोंदलेले असे. आता त्याच वहीत जन्मवजन, दूध सुटतानाचे वजन, पहिल्या वेताचे वय आणि वळूच्या वृषणाचा घेर यांची नोंद असते, कारण वृषणाचा घेर वळूच्या प्रजननक्षमतेचा आणि त्याच्या कालवडी लवकर वयात येण्याचा चांगला निदर्शक मानला जातो.

मोजमाप आले म्हणून रूपाची परीक्षा संपली नाही. नोंदणीचे दोन टप्पे आहेत : जन्माची नोंद आणि अंतिम नोंद. जनावर वयात आल्यावर संघाचा तज्ज्ञ प्रत्यक्ष गोठ्यात किंवा कुरणात जाऊन त्याची तपासणी करतो आणि पसंत पडल्यासच अंतिम नोंद देऊन संघाचे चिन्ह तापल्या लोखंडाने उमटवले जाते. ज्याचे पूर्वज आयात केलेल्या शुद्ध जनावरांपर्यंत नेता येतात त्याला 'मूळ शुद्ध' हा दर्जा मिळतो. वंशावळ अपुरी पण जातिलक्षणे पूर्ण असलेल्या जनावरांसाठी वेगळी 'खुली वही' असते, म्हणजे चांगली मादी केवळ कागदांअभावी पैदाशीबाहेर राहत नाही. नेलोरेच्या जातिमानकात पांढरा किंवा करडा रंग, केसांखालची काळी कातडी, भाल्याच्या टोकासारखे आखूड कान अशी लक्षणे दिलेली असून नराच्या वशिंडाचा आकार काजूच्या बीसारखा असावा असे म्हटले आहे. ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या काजूची उपमा भारतातून ब्राझीलमध्ये गेलेल्या बैलाच्या वशिंडाला तेथील मानकात मिळावी, हा दोन्ही देशांतील देवाणघेवाणीचा सुंदर पुरावा आहे.

संघाच्या अधिकारकक्षेत आज नेलोरे, गीर, गुझेरा, इंदुब्राझील, सिंधी, अमेरिकेत घडलेली ब्राह्मण, तमिळनाडूतील कांगायमवरून ओळखली जाणारी 'कांगायान' आणि साओ पाउलो राज्यात तयार झालेली बिनशिंगी ताबापुआं अशा जाती येतात. 1984 साली फेर्नांदो कोस्ता उद्यानात झेबू संग्रहालय सुरू झाले आणि आयातीची कागदपत्रे, छायाचित्रे आणि जुन्या नोंदवह्या तेथे जतन करण्यात आल्या.

लोकप्रियतेची कारणे

नेलोरेचा सर्वांत वेगवान प्रसार 1970 नंतर झाला. ब्राझीलच्या मध्यभागी 'सेर्रादो' नावाचा विस्तीर्ण, आम्लधर्मी जमिनीचा माळरानी प्रदेश आहे. तेथे आफ्रिकेतून आणलेले ब्राकियारिया गवत लावले जाऊ लागले आणि 1973 साली स्थापन झालेल्या 'एम्ब्रापा' या सरकारी कृषिसंशोधन संस्थेने त्याच्या सुधारित वाणांवर काम केले. हे गवत चिवट पण पोषणात मध्यम आणि कोरड्या ऋतूत फारच निकस होते. त्यावर वजन टिकवून धरणारे जनावर म्हणजे नेलोरे. आखूड, चकचकीत पांढरे केस ऊन परावर्तित करतात, खालची काळी कातडी किरणांपासून रक्षण करते, पोळीमुळे शरीराचा पृष्ठभाग वाढून उष्णता बाहेर टाकणे सोपे जाते आणि गोचिडांचा प्रादुर्भाव युरोपीय जातींच्या मानाने पुष्कळ कमी होतो. वासरू जन्मतः लहान, साधारण 30 किलोचे असल्यामुळे गाय कुणाच्या मदतीवाचून वेते. कास आटोपशीर आणि सड लहान असल्यामुळे नवजात वासराला लगेच चीक पिता येतो. हजारो जनावरांमागे मोजकेच गुराखी असलेल्या कुरणात ही शेवटची दोन लक्षणे एरवी दुय्यम वाटली तरी नफा-तोट्याचा हिशेब तीच ठरवतात.

मांसाच्या प्रतीबाबत जुने आक्षेप पूर्णपणे निराधार नव्हते. झेबूच्या मांसात चरबीची जाळी कमी असते आणि ते युरोपीय जातींच्या मांसापेक्षा काहीसे चिवट असते. म्हणूनच अनेक पशुपालक नेलोरे गाईंवर अँगस वळूच्या रेतमात्रा वापरून पहिल्या पिढीचा संकर घेतात, ज्याचा पाया तरीही शुद्ध नेलोरे मादीच असते. दुसरीकडे कमी चरबीच्या मांसाला स्वतःची बाजारपेठ मिळाली आणि वशिंडाचा भाग, ज्याला तेथे 'कुपीं' म्हणतात, मंद आचेवर तासन्‌तास भाजून खाण्याचा प्रकार ब्राझीलच्या खाद्यसंस्कृतीत मानाचा ठरला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ब्राझील जगातील सर्वांत मोठा गोमांस निर्यातदार झाला आणि पैदाशीच्या जनावरांच्या किमतीही त्याच प्रमाणात चढल्या; 2023 साली व्हियातिना-19 या नेलोरे गाईच्या एकतृतीयांश मालकीचा लिलाव झाला तेव्हा तिची पूर्ण किंमत 40 लाख डॉलरच्या वर ठरली आणि सर्वांत महाग गाय म्हणून तिची जागतिक विक्रमात नोंद झाली. 1945चा अनुभव पाठीशी असल्यामुळे अशा किमतींकडे सावधपणे पाहणे हेही संघाचे कर्तव्य ठरते. मात्र आजच्या किमतीमागे संततीचे मोजमाप आणि प्रयोगशाळेत भ्रूण तयार करण्याचे तंत्र उभे आहे, हा त्या वेळच्या आणि आजच्या स्थितीतील मूलभूत फरक आहे.

या यशाची एक गंभीर बाजू नोंदवल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही. कुरणांचा विस्तार सेर्रादोत थांबला नाही; तो ॲमेझॉनच्या जंगलातही शिरला आणि जंगलतोडीच्या कारणांमध्ये गुरांची कुरणे अग्रभागी आली. 2009 साली सरकारी वकिलांच्या आणि पर्यावरणवादी संघटनांच्या दबावामुळे मोठ्या मांसप्रक्रिया कंपन्यांनी नव्याने तोडलेल्या जंगलातील जनावरे न घेण्याचे मान्य केले, तरी जनावर अनेक हातांतून जात असल्यामुळे त्याचा मूळ ठावठिकाणा शोधणे अवघड राहिले. प्रत्येक जनावराची जन्मापासून ओळख ठेवण्याची जी पद्धत उबेराबाने पैदाशीच्या कळपांत रुजवली, तीच सर्वसाधारण कळपांपर्यंत पोहोचणे हा या प्रश्नावरील उपायाचा आवश्यक भाग आहे. त्याच जमिनीवर अधिक मांस निघाले तर नवी जमीन मोडण्याची गरज कमी होते, हे खरे. पण त्यासाठी कायद्याचा अंमलही तितकाच कडक असावा लागतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

या इतिहासाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध दूरचा नाही. अन्न व कृषी संघटनेने 1953 साली प्रसिद्ध केलेल्या भारत-पाकिस्तानातील झेबूविषयक ग्रंथात ओंगोल, वर्धा-नागपूर भागातील गवळाऊ आणि कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली या जाती एकाच गटात घातलेल्या आहेत. कृष्णा व्हॅली ही जात दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांच्या प्रयत्नांतून, ओंगोल, गीर, कांकरेज आणि स्थानिक जनावरे यांच्या मीलनातून, काळ्या चिकण जमिनीतील जड कामासाठी घडली आणि अमेरिकेतील ब्राह्मण जातीच्या घडणीतही तिचा वाटा मानला जातो. आज मात्र तिची संख्या अत्यंत घटली आहे. खुद्द आंध्रातही ट्रॅक्टर आल्यानंतर ओंगोल बैलाचे काम गेले आणि त्याबरोबर त्याचे कळपही आटले.

भारतात आणि विशेषतः महाराष्ट्रात गोवंशाकडे पाहण्याची धार्मिक आणि कायदेशीर चौकट वेगळी आहे. ब्राझीलचा मांसोत्पादनाचा मार्ग येथे लागू होत नाही आणि तो येथे आणावा असे सुचवण्याचे कारणही नाही. परंतु नोंदवही कोणत्याही उद्दिष्टासाठी तितकीच उपयोगी पडते. दूध, ओढकाम, दुष्काळातील चिवटपणा यांपैकी ज्या गुणासाठी जनावर पाळायचे तो गुण नेमका ठरवावा, तो गोठ्यात जाऊन मोजावा, वर्षानुवर्षे लिहून ठेवावा आणि ही जबाबदारी पैदासकारांनी एकत्र येऊन उचलावी, एवढेच उबेराबाने केले. भारत सरकारची केंद्रीय कळप नोंदणी योजना गीर, कांकरेज, हरियाणा आणि ओंगोल या गोवंशाच्या जातींसाठी 1963 पासून आहे. खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी आणि गवळाऊ यांच्या पैदासकारांनी आपापल्या जातीसाठी अशी वही स्वतः उघडली आणि शासनाने तिला अधिकृत मान्यता दिली, तर ब्राझीलमधील अनुभवाचा सर्वांत मोलाचा भाग कोणतेही जनावर किंवा रेतमात्रा आयात न करता महाराष्ट्रात आणता येईल. उबेराबाच्या पैदासकारांना लांब कानांच्या मोहातून बाहेर पडण्यासाठी एक मोठी मंदी सोसावी लागली. यात्रेतील बक्षीस, शर्यतीतील वेग किंवा केवळ शिंगांचा डौल यांवरच किंमत ठरण्याची सवय येथेही आहे आणि ती वेळीच बदलण्यासाठी तशाच मंदीची वाट पाहण्याचे काही कारण नाही.